व्हायरल लोड अनडिटेक्टेबल असला तरी बाकीच्या टेस्ट हव्यातच
वर एकाने विचारलंय की एचआयव्हीच्या गोळ्या नियमित चालू आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) अनडिटेक्टेबल, म्हणजे टेस्टमध्ये दिसणार नाही इतका कमी आहे, मग अजून कसल्या टेस्ट? अरे भावा, तुझ्याकडून जोडीदाराला सेक्समधून एचआयव्ही जाणार नाही हे खरंच, पण सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया ही सेक्समधून पसरणारी बाकीची इन्फेक्शन्स त्या गोळ्यांनी थांबत नाहीत. सिफिलिसचा फोड बहुतेकदा दुखतच नाही, ३ ते ६ आठवड्यांत आपोआप जातो आणि माणूस निर्धास्त होतो. माझ्या मित्राचं तेच झालं, पुढे तळहातावर लालसर डाग आले तर तो अ‍ॅलर्जीचं क्रीम चोळत बसला. लवकर कळलं तर पेनिसिलिनचं इंजेक्शन पुरतं, नाहीतर डोळ्यांवर, कानांवर जाऊ शकतं रे. आणि गनोरिया-क्लॅमिडियासाठी नुसती लघवी तपासून भागत नाही, घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅबपण (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) मागून घे, लाजू नकोस, तिथे इन्फेक्शन असलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही.