तेच गाणं, वेगळं माध्यम: तुमच्या कानांनी काय टिपलं?

सोलापूरकरांनो, बाळीवेशीतलं जुनं घर आवरताना आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या सापडल्या. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात गवयाला बंदिश, आलाप, ताना सगळं बसवावं लागे. पुढे ३३⅓ फेऱ्यांच्या लाँग प्ले तबकडीवर एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली आणि विलंबित ख्याल घरी निवांत ऐकता आला. माध्यम बदललं की गाणंही बदलतं, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही काय, कशावर ऐकलंत? सविस्तर लिहा.

साखर पेठ
वडील यंत्रमागावर होते. कारखान्याच्या खिडकीत टेप असायचा, त्यावर तेलुगू गाण्यांच्या कॅसेटी. मागांच्या खडखडाटात शब्द कळावेत म्हणून ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज वाढवणारं बटण, कायम पूर्ण पिळलेला. आठ दिवसांत आवाज दबायचा, कारण हेडवर, म्हणजे फीत जिथे घासून वाजते त्या भागावर, सुताची तूस बसायची. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचं काम माझं. कापूस तपकिरी निघायचा. तो फितीवरचा लेप असतो, हे फार उशिरा कळलं. म्हणजे आम्ही ऐकत होतो तसतसं गाणं झिजत होतं की हो! एकदा माग बंद असताना तीच कॅसेट लावली, तर त्यात मृदंगाचा इतका भरदार घुमारा होता. चार वर्षं रोज ऐकूनही तो आम्हाला माहीतच नव्हता. वडील हातातला डबा तसाच धरून उभे राहिले.

नवी पेठ
फुलस्केपवर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची, दोन दिवसांनी कॅसेट भरून मिळायची. "साठचीच घ्या, नव्वदची फीत पातळ असते," असं दुकानदार बजावायचा. मी नव्वदची घेतली आणि नाट्यगीतं मशीनमध्ये गुंतून गेली. अजून हळहळ वाटते.

जुळे सोलापूर
पहिल्यांदा सीडी लावली तेव्हा गाण्याआधीची ती 'सूं' नव्हतीच, थेट तंबोरा. जवारीचा, म्हणजे तारांच्या त्या गुंजनाचा, कण न् कण ऐकू येत होता. मग एमपीथ्री आलं. १२८ केबीपीएसमध्ये, म्हणजे बरंच दाबून लहान केलेल्या फाइलींत, एका सीडीवर दीडशेच्या आसपास गाणी मावायची, त्याचा आनंद मोठा. पण झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या वाटायच्या आणि तंबोऱ्याची चमक गेली. आता चांगल्या दर्जाच्या फाइली वायरच्या हेडफोनवर ऐकते, तेव्हा ती परत येते.

होटगी रोड
बाळीवेसवाले, त्या तबकड्या लाँग प्लेच्या सुईवर लावू नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी सुई दर बाजूला बदला, नाहीतर खाच खरवडली जाते. आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली अजिबात नको! माझ्या दोन लाँग प्ले मे महिन्यात वाकल्या. सुई होडीसारखी वरखाली व्हायची आणि सूर हेलकावे खायचा. तबकड्या गार खोलीत उभ्या ठेवा. वाजवायच्या दिवशी तेवढं कळवा, सुयांची डबी घेऊन येतो.