गोळ्यांची स्ट्रिप, पेन्शन आणि मेडिक्लेम : तुमचे अनुभव

खिडकीपाशी
सकाळी मेडिक्लेमच्या रिन्युअलचा मेसेज आला. आकडा बघितला आणि बाबांची छोटी कात्री आठवली.

बाबा खाजगी कंपनीतून रिटायर झाले. ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन १,८७० रुपये. पहिल्या महिन्यात जेवढी, गेले त्या महिन्यातही तेवढीच. तिला महागाई भत्ता नसतो. बीपीची गोळी रोज एक होती. ते स्ट्रिप कापून एकेक चौकोन सुटा करायचे आणि मागच्या चंदेरी कागदावर बॉलपेनने तारीख घालायचे. आम्हाला केवढं कौतुक त्या शिस्तीचं! एकदा डबी माझ्या हातून सांडली. वेचताना पाहिलं तर ३, ५, ७, ९. सगळ्या विषम तारखा. विचारलं तर म्हणाले, "अगं, एक दिवसाआड चालते." डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं.

तुमच्याही घरात असं काही घडलं असेल तर लिहा.

निवांत६८
विषम तारखांवर आधी हसलो. मग नाही हसलो.

सायकलवाला
कुकर लावलाय, पटकन लिहितो. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळचं. पॉलिसी ५ लाखांची, रूमच्या भाड्याला मर्यादा १ टक्का म्हणजे दिवसाला ५,०००. त्यातली रूम रिकामी नव्हती, ८,०००ची घेतली. म्हटलं वरचे ३,००० आपण भरू. बिल आलं तर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्याचे रूमच्याच प्रमाणात पाच अष्टमांश मंजूर! औषधं आणि इम्प्लांट तेवढे सुटले त्यातून. शाळेतले अपूर्णांक असे रिटायर झाल्यावर कामाला आले. शिट्टी झाली, येतो.

काकू_ऑनलाइन
आणि हातमोजे? ते विम्यात कशातच बसत नाहीत. आमच्या बिलात इतके होते की यांनी विचारलं, डॉक्टर ऑक्टोपस होते का.

निवांत६८
😂 मी सरकारी पेन्शनर, पण गाव सीजीएचएसच्या (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या) बाहेर. ओपीडीसाठी महिन्याला फिक्स्ड मेडिकल अलाउन्स. २०१७ मध्ये ५००चे १,००० झाले तेव्हा बायकोला हॉटेलात नेलं होतं. आता हजारात आम्हा दोघांची शुगरसुद्धा भागत नाही. तरी तुमच्या बाबांपुढे तक्रार करायला जीभ रेटत नाही.

सून_नंबर_२
सासऱ्यांचं ७०+ चं वय वंदना कार्ड (आयुष्मान भारतचं, सरकारी मोफत उपचारांचं) काढलं. उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय. पण बोटांचे ठसे उमटेनात! आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, अंगठा गुळगुळीत. ओटीपी टाकू म्हटलं तर आधारला नंबर दिरांचा, ते रात्रपाळीहून येऊन झोपलेले. तीन फेऱ्या झाल्या. आणि हो, ते कार्ड अ‍ॅडमिट झाल्यावर. रोजच्या गोळ्या आपल्याच खिशातून.

काकू_ऑनलाइन
आमच्या आईला हयातीच्या दाखल्याला हाच त्रास. आदल्या रात्री व्हॅसलीन लावून झोपवलं, सकाळी धुऊन पुसून नेलं, उमटले.

सून_नंबर_२
व्हॅसलीन की खोबरेल? सासूबाई खोबरेलावर ठाम आहेत.

काकू_ऑनलाइन
व्हॅसलीन. खोबरेलाने मशीन घसरेल.

चष्मा_कुठे_ठेवला
२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला म्हणून पेढे वाटायचे बाकी होते. रिन्युअल आलं तर गेल्या वर्षीपेक्षा जास्तच! फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचा वयाचा स्लॅब बदलला." म्हटलं बाई, मी मुद्दाम नाही बदलला.

सायकलवाला
आलो. स्लॅबवाल्यांनी वाढ मूळ प्रीमियमवर किती ते लेखी मागा. जानेवारी २०२५ पासून साठीपुढच्यांना वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचं तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेशी, बोलावं लागतं. मी मेल टाकलाय. उत्तर म्हणून "आपला अभिप्राय मोलाचा आहे" एवढंच आलंय, दोनदा.
अवांतर : माझा वॉकर माळ्यावर पडून आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.

निवांत६८
खिडकीपाशी, मग बाबांच्या गोळ्यांचं काय केलंत?

खिडकीपाशी
सम तारखा मी घालायला लागले. २, ४, ६. माझ्या अक्षरातल्या आहेत म्हणून निमूट घ्यायचे. कात्री अजून आहे, दुधाच्या पिशव्या कापते.
सायकलवाला, वॉकर मी नेते, आईला लागेल. उंची कमीजास्त होते ना?

सायकलवाला
होते. एका पायाचं रबर हरवलंय, शोधून ठेवतो.