स्टीमर लेनला कोण कोण आपटलंय? अनुभव लिहा

हायवे १७ उतरून कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला जाणारे आपल्यात बरेच असणार. तर स्टीमर लेनला, म्हणजे तिथल्या कड्याखालच्या सर्फिंगच्या जागी, पाण्यात उतरलेल्यांनी लिहा, कड्यावर रेलिंगला टेकून बघणाऱ्यांनीही लिहा. फुशारकी चालेल, पण आपटलेलं आधी सांगा.

मीच सुरुवात करते. शेजारच्या काउल्स किनाऱ्यावर दोन वर्षं शिकले, तिथली लाट म्हणजे गरीब गाय, त्यामुळे वाटलं आता येतं आपल्याला. लेनला लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची लाट, हा नियम तोंडपाठ होता, फक्त मान वळवून बघायचं राहिलं आणि एका पांढऱ्या दाढीवाल्या आजोबांच्या लाटेत घुसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं बोटाने काउल्स दाखवलं.

---

ताई, माझं भरतीने केलं. ओहोटीला खडकांवरून आरामात उतरलो, दोन तासांनी बघतो तर कड्याखालची वाळू गायब, लाट भिंतीवर आपटून उलटी येतेय, त्यात केल्पच्या (लांब समुद्री शेवाळाच्या) वेलीत लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, अडकला. जिना समोर दिसतोय पण जाता येत नाही. शेवटी मुकाट काउल्सपर्यंत पॅडल मारत गेलो. बोर्डाचं नाक तिथेच खडकाला वाहिलं.

---

मी मालवणचा, पोहणं पाळण्यातलं, म्हणून भाड्याचा पातळ वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी सूट) घेतला. पाणी १२-१३ अंश!! पहिली बुडी मारली आणि कपाळ आईस्क्रीम खाल्ल्यासारखं ठणकलं. जॅक ओनीलने १९५९ला याच गावात दुकान टाकून वेटसूट का विकले ते तेव्हा कळलं.

---

आम्ही कड्यावरचे. आईबाबांना दीपगृहातलं सर्फिंग म्युझियम दाखवलं. १८८५ला हवाईचे तीन राजपुत्र सॅन मटेओला शिकत होते, त्यांनी रेडवुडच्या फळ्या करून सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी सर्फिंग केलं. बाबा म्हणाले, म्हणजे वसतिगृहातली पोरं सगळीकडे सारखीच. आईचं लक्ष खाली पाण्यात, ‘यांना पडसं नाही का होत?’

---

२०२३च्या उन्हाळ्यातली ८४१ नंबरच्या पाणमांजरीची आठवण कुणीच कशी काढली नाही? बोर्ड पळवणारी! माझ्यापासून वीसेक हातांवर एकाच्या बोर्डावर चढली, तो पाण्यात, ही वर बसून फोमचे लचके तोडतेय. मी पाय वर घेऊन बसलो. मीटिंगला उशीर झाला, कारण खरं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, पुढच्या वेळी ट्रॅफिकच सांग.