मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेच्या बोर्डाची मापं, सुतार रविवारी येतोय

अडकलेलं_इंजिन
नमस्कार मंडळी, नेटवरून एक लेआउटचा प्लॅन उतरवलाय, तो ८ बाय ४ फुटी आहे आणि माझ्याकडे जागा ६ बाय ३, म्हणून सगळं सरळ पाऊणपट केलं. वळणाला प्लॅनमध्ये १८ इंच लिहिलंय त्याचे झाले साडेतेरा, पण माझ्याकडचे गोल रूळ जोडले तर गोल बाहेरून साडेवीस इंच भरतो. जरा दाबून बघितले तर एकाची प्लॅस्टिकची कड तडकली. सुतार रविवारी प्लाय कापायला येतोय. बोर्ड किती कापू तेवढं सांगा, घाई आहे.

घाटातला_बँकर
स्केल?

अडकलेलं_इंजिन
पाऊणपट, लिहिलंय की वर.

घाटातला_बँकर
अहो गाडीचा स्केल, खऱ्या गाडीच्या किती पट लहान ते. एचओ का एन? दोन रुळांमधलं अंतर मोजा.

वाळवी_विरोधी
मरीन प्लायच घ्या, १८ मिमी. आमच्याकडे साध्या प्लायला दोन पावसाळ्यांत वाळवी लागली, शोकेस अख्खं फेकावं लागलं.

अडकलेलं_इंजिन
रुळांमधलं अंतर ९ मिमी. रुळाच्या पाठीवर २४९-४५ असं काहीतरी आहे.

घाटातला_बँकर
हां, मग सुटलं. तुमची गाडी एन, म्हणजे १:१६०. प्लॅन बहुतेक एचओचा, १:८७. आणि प्लॅनमधले १८ इंच ही त्रिज्या आहे, रुळाच्या मध्यापर्यंतची, तुम्ही मोजलात तो अख्ख्या गोलाचा व्यास, तोही बाहेरच्या कडेने. ८७ भागिले १६० म्हणजे ०.५४. १८ गुणिले ०.५४ किती? पावणेदहा इंच, म्हणजे जवळपास २४९ मिमी. तुमच्या रुळावर तेच छापलंय! ४५ म्हणजे अंश, आठ तुकड्यांत गोल पुरा. प्लॅन जसाच्या तसा ५२ बाय २६ इंचात बसतो.

मोजपट्टी
बसतो पण कशाला बसवायचा? जागा ६ बाय ३ आहे ना. आयसीएफ डबा (आपला नेहमीचा प्रवासी डबा) २१.३ मीटर, एनमध्ये १३३ मिमी. डब्याच्या तिप्पट त्रिज्या असावी म्हणतात, म्हणजे ४०० मिमी. २४९ वर डबे वळणाबाहेर कोपरं काढून चालतात, फार वाईट दिसतं. ३८१ मिमी त्रिज्येचे रूळ मिळतात, व्यास ३० इंच, तीन फुटात दोन्हीकडे कडेला तीन-तीन इंच उरतात.

गेजवाला
मुळात एनमध्ये भारतीय गाडी खोटीच. ब्रॉडगेज १६७६ मिमी, १६० नी भागा, साडेदहा येतं. रूळ ९ चा.

मोजपट्टी
झालं सुरू. दीड मिमी कोणाला दिसतो हो, गाडी धावली म्हणजे बास.

गेजवाला
मला दिसतो.

नेरळ_पॅसेंजर
मी सांगतो, माथेरान करा! याच ९ मिमी रुळांवर १:७६ ची नॅरोगेज गाडी चालते, ओओ-नाइन म्हणतात. डबे आखूड, वळणं कितीही आवळा, चढ १:२०, म्हणजे वीस इंचांत एक इंच, दिला तरी खोटा वाटणार नाही, खरा माथेरानचा चढ तेवढाच आहे.

अडकलेलं_इंजिन
अहो गाडी घेऊन झालीय, माथेरान नकोय. प्लॅनमध्ये एक रूळ दुसऱ्याच्या वरून जातो, ते कसं करू?

घाटातला_बँकर
हे आधी सांगायचं ना. एनमध्ये वरखाली साधारण २ इंच अंतर लागतं. भोर घाटासारखा १:३७ चढ धरला तर चढायला ७४ इंच आणि उतरायला तेवढेच. ५२ इंची बोर्डवर २४९ च्या अंडाकृतीत एका फेरीची लांबी सव्वाशे इंचसुद्धा नाही, तिथे तो पूल विसरा. ६ फुटी बोर्डवर ३८१ घेतलात तर १६५ च्या आसपास, म्हणजे स्टेशनला सपाट जागा वीतभर. खऱ्या घाटातसुद्धा मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन, लावून ढकलतात, तुमच्याकडे इंजिन एकच असणार.

मोजपट्टी
बोर्ड भिंतीला चिकटून आहे का? असेल तर तीन फूट खोल नको, पलीकडच्या कडेला डबा घसरला की काढायला बोर्डवर चढावं लागेल. माझा कोपर एकदा बोगद्यातून आरपार गेलाय.

अडकलेलं_इंजिन
दोन बाजूंनी भिंत. तिसऱ्या बाजूला कपाट.

मोजपट्टी
कपाटाचं दार सरकतं की बाहेर उघडतं?

अडकलेलं_इंजिन
बाहेर. आत्ता मोजलं, २१ इंच.

घाटातला_बँकर
रविवारचं सुताराला नाही म्हणून कळवा. आधी वर्तमानपत्रं चिकटवून ६ बाय ३ चा कागद जमिनीवर अंथरा आणि दार उघडून बघा.

सुट्टीतला_बाबा
धागा वाचून विचारतो, कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का? मुलगी पाच वर्षांची आहे, किती वेळ लागतो?