सामोअन घरातला कर्ता माणूस जातो तेव्हा: माहीतगारांचे अनुभव

दक्षिण ऑकलंडमध्ये, म्हणजे मांगेरे, ओटारा, पापाटोएटोए या बाजूला, मराठी घरांचे शेजारी, सहकारी, रुग्ण बरेचदा सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचे, असतात. १९५० ते ७०च्या दशकांत कारखान्यांत आणि खाटीकखान्यांत कामाला आलेली त्यांची पहिली पिढी आता जाते आहे. त्यातला एखादा मताई, म्हणजे कुटुंबाने पदवी दिलेला प्रमुख, गेला की त्याचं स्मरण हे आठवडाभराचं काम असतं. ते कसं चालतं, कुठे अडतं, हे आतून माहीत असलेल्यांनी लिहावं. भावुक श्रद्धांजली नको. ती चर्चमध्ये होते आणि आपल्यापेक्षा चांगली होते.

कागदपत्रं बघणारी

पहिला घोळ नावाचा. सामोआत बापाचं पहिलं नाव मुलाचं आडनाव म्हणून लागणं नेहमीचं आहे. त्यामुळे सख्ख्या चुलतभावांची आडनावं वेगळी निघतात, आणि रुग्णालयात 'नातं काय?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. त्यात पुढे मताईची पदवी लागते. जन्मनोंद एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या, बँक खातं तिसऱ्या, असं सर्रास आढळतं. न्यूझीलंडमध्ये दफनानंतर कामाच्या तीन दिवसांत मृत्यूची नोंद करायची असते. त्या अर्जात वापरातली सगळी नावं लिहून टाका, नाहीतर पेन्शन आणि खात्याच्या कामात महिने जातात.

निमंत्रणपत्रिकेवर पदवी आधी, नाव नंतर. एका माणसाकडे दोन-तीन गावांच्या पदव्या असू शकतात. त्यांचा क्रम मुलांनी ठरवू नये, घराण्याच्या तुलाफालेला (वक्ता-प्रमुखाला) विचारावा. क्रम चुकला तर एक अख्खं गाव दुखावतं.

पगारपत्रकवाला

रजेबद्दल. सहा महिने नोकरी झाली असेल तर आई-वडील, जोडीदार, मूल, भावंड, आजी-आजोबा, नातवंड, सासू-सासरे यांच्यासाठी तीन दिवस शोकरजा मिळते. काका, मामा, मताई या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी एक दिवस, तोही मालकाने मान्य केला तर. मात्र मान्य करताना सांस्कृतिक जबाबदारी हा मुद्दा लक्षात घ्यायचा, असं कायद्यातच आहे. 'जवळचा होता' एवढंच लिहून भागत नाही. 'सीई (नातलगांचा आहेर) घेऊन येणाऱ्यांचं स्वागत माझ्याकडे आहे' असं नेमकं काम लिहावं. उरलेले दिवस वार्षिक रजेतून.

जीवनपट लिहून देणारा

चर्चमध्ये वाचायच्या जीवनपटात तारखा तपासून घ्या. सामोआ १ जानेवारी १९६२ला स्वतंत्र झाला. त्याआधी आलेला माणूस न्यूझीलंडच्याच ताब्यातल्या मुलखातून आला होता, त्याला 'परक्या देशातून आला' म्हणू नये. 'मातुआ' किंवा 'तोफुआ' जहाजाने आलेले बरेच असतात. शिवाय २९ डिसेंबर २०११पर्यंत सामोआ तारीखरेषेच्या पलीकडे होता, म्हणून जुन्या कागदांत निघाल्याची आणि पोचल्याची तारीख जुळत नाही. ती चूक समजून 'दुरुस्त' करू नका.

१९७४ ते ७६मधल्या पहाटेच्या धाडी हा नाजूक भाग. व्हिसाची मुदत संपलेल्यांना शोधायला पोलीस पहाटे घरांत शिरत. १ ऑगस्ट २०२१ला पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी माफी मागितली, तेव्हा इफोंगाच्या (सामोअन जाहीर क्षमायाचनेच्या) रीतीप्रमाणे त्यांच्यावर चटई पांघरली होती. काही घरांना हे सगळं वाचलं जावंसं वाटतं, काहींना अजिबात नाही. विधवेला विचारा, नातवंडांना नको.

नागरिकत्वाचंही तसंच. १९८२च्या लेसा खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९२४ ते १९४८मध्ये जन्मलेल्या पश्चिम सामोअन लोकांना न्यूझीलंडचे नागरिक ठरवलं, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून ते बहुतेकांकडून काढून घेतलं. २०२४च्या कायद्याने त्यांच्यासाठी वाट पुन्हा उघडली. हा माणूस त्या वयोगटातला असेल तर एक वाक्य याला द्यावंच.

वही सांभाळणारी

खरं स्मरण वहीत असतं, असं माझं ठाम मत. माणसाने चाळीस वर्षं कोणाच्या लग्नाला, मयताला, चर्चच्या छपराला काय दिलं, ते त्या दिवशी सीईच्या रूपाने परत येतं. सीई म्हणजे नातलगांचा एकेक गट घेऊन येतो तो आहेर: इए टोंगा (पँडॅनसच्या पानांच्या तलम चटया), पैसे, पिसुपोचे (डबाबंद खारवलेल्या गोमांसाचे) खोके.

गट बाहेर थांबतो. त्यांचा तुलाफाले बोलतो, घरचा उत्तर देतो. मग बायका चटई पूर्ण उलगडून, दोन्ही टोकं धरून आत आणतात, सर्वांत मोठी आधी. किनारीची लाल पिसं दिसली पाहिजेत. घडी घालूनच पुढे केली तर आणणाऱ्यांचा मान जातो. मग काय काय आलं ते मोठ्याने पुकारतात.

वहीत चार रकाने पुरतात: गट आणि गाव, बोलणारा, चटया (मोठी/लहान), रोख. लिहायला दोघी हव्यात, एक ऐकते, एक लिहिते. आवाजात आकडे निसटतात. आलेल्या प्रत्येक चटईच्या घडीत लगेच चिठ्ठी घाला. कारण आतल्या खोलीत ठरवून त्याच गटाला 'सुआ' द्यायचा असतो: पेयाची बाटली आणि तिला लावलेली नोट, बिस्किटं, कापड, पिसुपोचा खोका, चटई. चिठ्ठी नसली की त्यांचीच चटई त्यांना परत जाते आणि ती गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. तुलाफाले आणि फाईफेआउ (पाद्री) यांची पाकिटं वेगळ्या पेटीत.

मराठी सहकारी पाकीट नेणार असतील तर वर कामाच्या ठिकाणाचं नाव ठळक लिहा. ते पुकारलं जातं.

या देवाणघेवाणीत घरं कर्जबाजारीही होतात. हल्ली काही कुटुंबं पत्रिकेतच 'चटया नकोत' असं छापतात. बरं करतात.

अंत्यसेवेत काम करणारा

दफनाच्या आदल्या रात्री शव घरी किंवा चर्चमध्ये असतं आणि प्रार्थना, गाणी उशिरापर्यंत चालतात. दाराची रुंदी आधी मोजा, सरकारी घरांचे व्हरांडे अरुंद असतात. अपियाला, म्हणजे सामोआच्या राजधानीत, न्यायचं असेल तर शवलेपन, त्याचा दाखला आणि सीलबंद पेटी लागते. पेटी मालवाहतुकीत जाते. उड्डाण जेमतेम चार तासांचं, वेळ जातो तो कागदांत. गावात कबर बहुतेकदा घरासमोरच असते, त्यामुळे खणायचं आणि सिमेंटचं काम तिथल्या भावांनी आधी सुरू करावं लागतं.

रांधणारी

पालुसामी म्हणजे आपलाच अळू, पण इथे चिंच नसते. खाज मारायला फक्त वेळ असतो. कोवळी पानं, देठ काढून, चार-पाच एकावर एक, मोठं पान बाहेर. ४०० मिलिलिटरचा घट्ट नारळाच्या क्रीमचा डबा, एक कांदा, अर्धा चमचा मीठ. सहा-सात पुड्या होतात. पातळ दूध वापरलंत तर गळतं. फॉइलमध्ये बांधून १८० अंशांवर तासभर. चाळीस मिनिटांत वरून शिजलेली दिसतात, तरी घसा धरतात.

उमूसाठी (तापल्या दगडांच्या भट्टीसाठी) काळे ज्वालामुखी दगड घ्या. नदीतले ओले गोटे तापल्यावर फुटतात. उमूत खड्डा नसतो, जमिनीवरच रचायचं. अरवी बरीचशी फिजीची मिळते. १९९३च्या करप्याने सामोआची निर्यात बसली होती.

कागदपत्रं बघणारी (पुन्हा)

राहिलं ते: मताईची पदवी थोरल्या मुलाकडे आपोआप जात नाही. ती घराण्याकडे परत जाते आणि नवा धारक सगळे मिळून ठरवतात, समारंभ सामोआतल्या गावी. ऑकलंडच्या सभागृहात ते उरकता येत नाही. तिथून परतताना चटया आणल्या तर प्रवासी अर्जावर घोषित करा. पान आणि पिसं दोन्ही तपासली जातात. न सांगता आणल्या तर जागेवर ४०० डॉलर दंड.