‘इव्हेड’ला काय म्हणायचं? माघार, बगल की निसटणं

वाशीकर: ठाण्यातल्या रविवारच्या टेबलासाठी ‘कमांड्स अँड कलर्स: एन्शन्ट्स’ या प्राचीन लढायांच्या पटखेळाच्या नियमांचं मराठी टिपण करतोय. फिरत असलेल्या जुन्या टिपणात ‘इव्हेड’ (हल्ला झाल्यावर आपणहून सरकून जाणं) आणि ‘रिट्रीट’ (फाशावर झेंडा पडल्याने मागे हटावं लागणं) दोन्हींना ‘माघार’ म्हटलंय, त्यावरून दर डावाला वाद. रोमन मध्यम पायदळ गोफणवाल्यांवर येतं, गोफणवाले सरकतात, फाशांवर झेंडा पडतो आणि हल्ला करणारा म्हणतो, ‘माघार आहे ना, मग अजून दोन घरं मागे.’ एकाच शब्दाने दोन नियम चालायचे नाहीत. सुचवा.

नौपाडा: मराठीत फरक आयता आहे. माघार *घेतात*, पिछेहाट *होते*. इव्हेड म्हणजे माघार, रिट्रीट म्हणजे पिछेहाट. पिछेहाट झेंड्यामुळे होते: एका झेंड्याला त्या पथकाच्या पूर्ण चालीइतकी घरं. मध्यम पायदळ 1, हलकं घोडदळ 4. जायला घर नसेल तर जितकी घरं कमी पडली तितके पथकाचे ठोकळे पटावरून उचला.

कळवा: क्रिकेटची बातमी वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. ‘बगल देणे’ घ्या, सगळ्यांना कळतं.

ऐरोली: बगल नको. पटावर डावी, मधली, उजवी असे भाग आहेत, आणि सैन्याच्या बाजूलाही बगलच म्हणतात. ‘डाव्या बगलेने बगल दिली’ असं वाक्य टिपणात येणार, आणि नवा माणूस डाव्या भागाला हुकूम देणारी पानं (पत्ते) शोधत बसणार.

नौपाडा: ‘अपसरण’ चालेल का? शुद्ध आहे.

कळवा: भिंगाचा धडा वाटतोय.

कोपरखैरणे: ‘हुलकावणी’ कोणी म्हणायच्या आत सांगतो, तो शब्द नियम चुकीचा शिकवेल. हुलकावणीत वार फुकट जातो. इथे फासे पडायच्या आधी इव्हेड जाहीर करायचं, जास्तीत जास्त दोन घरं आपल्या बाजूला सरकायचं, पण हल्ला करणारा फासे पूर्णच टाकतो. मध्यम पायदळ असेल तर 4. फक्त वार लागतो तो फाशावर पथकाचं स्वतःचं चिन्ह पडलं तरच, म्हणजे गोफणवाल्यांना हिरवं वर्तुळ पडलं तर. तलवारी नाहीत, शिरस्त्राण नाही, झेंडे नाहीत. तेव्हा ‘निसटणं’. निसटताना एखादा ठोकळा जातोच.

ऐरोली: ‘निसटणं’ बरं आहे. पण त्यालाच लागून हेही लिहा की निसटलेलं पथक उलट लढत नाही आणि हल्ला करणाऱ्याला रिकाम्या घरात घुसताही येत नाही. भांडण तिथेच जास्त होतं, शब्दावर नाही.

कळवा: उलट लढण्याला ‘पलटवार’ म्हणा.

नौपाडा: पलटवार हिंदी. ‘उलटवार’.

कळवा: ‘वार’ तरी कुठला शुद्ध धरलात? जाऊ दे. मुद्दा असा, की नवीन लोक फासे ठोकळ्यांच्या हिशेबाने कमी करतात. जड पायदळाचा एकच ठोकळा उरला, पण पथक जागेवर टिकलं, तर उलट लढताना पूर्ण पाच फासे. हे ठळक अक्षरात.

वाशीकर: घेतलं. ‘सपोर्ट’ला ‘कुमक’ लिहिलंय, ठीक?

नौपाडा: कुमक तुर्की.

कोपरखैरणे: मग फौज आणि शिपाईही परत करा. माझा आक्षेप वेगळा. कुमक *येते*. इथे कोणी येत नाही, बाजूच्या दोन घरांत आपलीच दोन पथकं उभी असतात आणि तेवढ्यावर एक झेंडा दुर्लक्षित करता येतो. ‘पाठबळ’ म्हणा.

ऐरोली: पाठबळ म्हटलं की लोक मागचंच घर बघतात. शेजारची सहाही घरं मोजायची असतात, पुढचंसुद्धा.

कळवा: मग ‘शेजार’?

नौपाडा: ‘रोमनांना शेजार लाभला’. कळवा, हे सोसायटीच्या नोटिशीवर शोभेल.

कळवा: शोभलं तरी नियम कळतो. तुमच्या अपसरणाने कळत नाही.

कोपरखैरणे: ‘आधार’ घ्या. आणि ‘लाइन कमांड’ला ‘रांग’ लिहू नका. ते पान पायदळाला चालवतं, तेही एकमेकांना लागून सलग असेल तर. मध्ये एक रिकामं घर आलं की पलीकडची पथकं सुटली. ‘फळी’ म्हटलं की फट चालत नाही हे आपोआप कळतं.

नौपाडा: फळी मान्य. आधारला विरोध, तो आजारी माणसाला देतात.

वाशीकर: आणि ‘इव्हेड’?

ऐरोली: आधी सांगा, हत्तींचं टिपणात आहे का? ते पिछेहाटीत पिसाळतात, त्याला कोणता शब्द ठरवलाय?