धाक, वचक की लाज? गुन्हेगारीच्या परंपरावादी मीमांसेसाठी शब्द हवेत

निशिगंध :
समाजशास्त्राच्या पदवीवर्गासाठी एका पाठाचा अनुवाद करते आहे. गुन्हे का घडतात याची 'कॉन्झर्व्हेटिव्ह' समाजशास्त्रीय मांडणी, म्हणजे कुटुंब, शाळा, धर्म, शेजार यांची पकड सैल झाली की गुन्हे वाढतात असं मानणारी. मी 'पुराणमतवादी' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'सनातनी' केलं. मला अजिबात पटलेलं नाही. अर्थात 'पुराणमतवादी'तही हेटाळणी आहेच, आणि मूळ मजकुरात ती नाही. काय लिहावं?

मुळाक्षर :
'सनातनी' नकोच, तो धर्माच्या वादातला शब्द. 'परंपरानिष्ठ' लिहा. 'वादी' माणसाला लागतं, स्पष्टीकरणाला नाही. आणि 'अपराध' हा आपला शब्द असताना फारसी 'गुन्हा' कशाला?

तिऱ्हाईत :
'गुन्हा' आता उसना राहिलेला नाही. फारसीत त्याचा रोख पापाकडे, मराठीने त्याला कायद्याच्या बाजूला आणलं. पेशवाईच्या कागदांत तर 'गुन्हेगारी' म्हणजे दंडाची रक्कम. 'माझा काय अपराध?' असं आपण घरातल्या घरातही विचारतो; नोंदवला जातो तो गुन्हाच. इतकी चांगली विभागणी लोकांनी करून ठेवली आहे, ती का मोडायची?

मुळाक्षर :
लोक करतात ते सगळं टिकवायचं ठरवलं तर परिभाषा कधीच घडणार नाही.

काकदृष्टी :
विशेषण ठरवण्याआधी पाठात कोण कोण आहे ते सांगा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ द्युर्केम असेल तर 'पुराणमतवादी' त्याच्यावर अन्याय करतं. देशद्रोहाचा खोटा आरोप झालेला ज्यू लष्करी अधिकारी ड्रायफस, त्याच्या बाजूने तो उभा राहिला आणि गुन्हा ही समाजातली स्वाभाविक गोष्ट आहे असं त्याने १८९५ मध्येच लिहिलं. समाजाची घडी विस्कटली की माणसाच्या हावेला लगाम राहत नाही, एवढा त्याचा धागा परंपरेची बाजू घेणाऱ्यांनी पुढे नेला.

निशिगंध :
द्युर्केम आहे, मग गुन्हेगारीवर लिहिणारे अमेरिकी अभ्यासक : हर्शी (१९६९) आहे, विल्सन आणि केलिंग (१९८२) आहेत, शेवटी चार्ल्स मरे. अडले आहे हर्शीपाशी. माणसाला समाजाशी बांधणाऱ्या चार गोष्टी तो सांगतो. त्यातल्या 'कमिटमेंट'ला मी 'बांधिलकी' लिहिलं आहे.

लेखणी :
निशिगंधताई, 'बांधिलकी' कृपया काढा. मराठीत बांधिलकी विचाराशी असते, चळवळीशी असते. हर्शीला तसलं काही म्हणायचं नाही. त्याने प्रश्नच उलटा धरला : माणसं गुन्हा का करतात हे सोडा, बहुतेक माणसं तो का करत नाहीत? त्यातलं एक उत्तर म्हणजे शिक्षण, नोकरी, चार लोकांत कमावलेलं नाव, हे सगळं पणाला लागतं. 'गमावण्यासारखं काही असणं' हाच अर्थ आहे. लांबलं तरी तेच लिहा.

दुसरी गोष्ट, 'अटॅचमेंट'. कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांना दिलेल्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता : तू घराबाहेर असताना कुठे आहेस हे आईला माहीत असतं का? आई तिथे हजर असण्याची गरजच नाही. मोहाच्या क्षणी ती मुलाच्या मनात असली की पुरे, असं हर्शीचं म्हणणं. याला 'आसक्ती' लिहिलेलं मी वाचलं आहे आणि फार वाईट वाटलं. 'जिव्हाळा' म्हणा, 'ओढ' म्हणा.

मुळाक्षर :
यालाच तर धाक म्हणतात.

लेखणी :
नाही हो. धाकात भीती आहे, इथे आईला काय वाटेल याची काळजी आहे. धाक घरातल्या मोठ्यांचा. वचक पोलिसांचा, कायद्याचा. जरब आवाजात किंवा नजरेत. (जरब अरबीतून आली, मूळ अर्थ घाव.) विल्सनने १९७५ च्या पुस्तकात शिक्षा किती कडक यापेक्षा ती होणारच या खात्रीवर भर दिला, तो वचक. पाठ्यपुस्तकं या सगळ्यावर 'सामाजिक नियंत्रण' असं एकच झाकण ठेवतात.

तिऱ्हाईत :
+१. आणि 'जनाची नाही तर मनाची' विसरू नका. हर्शीने १९९० मध्ये गॉटफ्रेडसनबरोबर जो पुढचा सिद्धांत मांडला, त्यात तो जनाकडून मनाकडेच वळला.

काकदृष्टी :
ओढाताण होते आहे. मनाची असते ती लाज. ते दोघे बोलतात संयमाबद्दल : समोरचा फायदा आत्ताच हवा, पुढचं पुढे, ही वृत्ती आवरता येणं. ते बालपणी अंगी बाणलं नाही तर पुढे कठीण, असं त्यांचं मत. त्यासाठी 'वळण' हा शब्द चालेल.

निशिगंध :
'वळण' लगेच घेतला. आता विल्सन-केलिंगची 'फुटकी खिडकी'?

तिऱ्हाईत :
मराठीत काच फुटते, खिडकी मोडते. 'फुटकी काच' करा. एक काच फुटली आणि कोणी बदलली नाही की या जागेला वाली नाही असं दिसतं, मग बाकीच्याही फुटतात. 'वाली नसणे' यात त्यांचा अख्खा लेख येतो.

काकदृष्टी :
लेख येतो, पण तो खरा आहे का? सॅम्पसन आणि रॉडनबुश या अभ्यासकांनी शिकागोच्या रस्त्यांवरून गाडी फिरवून दुतर्फा चित्रण केलं. १९९९ च्या त्यांच्या लेखाप्रमाणे बकालपणा आणि बहुतेक गुन्हे यांची मुळं एकच : एकवटलेली गरिबी आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवर नसलेला भरवसा. एकातून दुसरं निघतं हे फारसं टिकलं नाही. तळटीप द्या.

मुळाक्षर :
अवांतर होतंय. द्युर्केमच्या 'अनॉमी'ला, म्हणजे समाजाची घडी विस्कटून नियमांचा लगाम सुटण्याला, 'प्रमाणकशून्यता' रूढ आहे, तेच ठेवावं.

तिऱ्हाईत :
रूढ कुठे, परीक्षेच्या पेपरात? 'बेबंदपणा' घ्या. अंगरख्याला बंद असतात ना, तोच हा बंद. हर्शीचा बंधही त्यात आपोआप बसतो.

मुळाक्षर :
बेबंद माणूस दांडगाई करतो. द्युर्केमचा माणूस गोंधळलेला आहे, त्याला किती मिळालं म्हणजे पुरे हेच कळत नाही. दोन्ही एक नव्हेत.

लेखणी :
इथे मुळाक्षरांशी सहमत. तरी 'प्रमाणकशून्यता' वाचून विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहणार?

निशिगंध :
मरेच्या 'अंडरक्लास'ला मी 'तळागाळातले लोक' लिहिलं आहे. चालेल?

काकदृष्टी :
अर्थ उलटतो. 'तळागाळातले' म्हटलं की आपली सहानुभूती जागी होते आणि दोष परिस्थितीकडे जातो. मरे बोट ठेवतो ते वागण्यावर : लग्नाबाहेरची मुलं, काम टाळणारे धडधाकट तरुण, हिंसक गुन्हे. सरकारी मदतीमुळे हे वाढलं, असा त्याचा आरोप.

मुळाक्षर :
मग 'अधोवर्ग'. तटस्थ आहे.

काकदृष्टी :
मरेचा शब्द तटस्थ नाहीच, मराठीत तो का व्हावा? गरिबांमध्येही सरळ वागणारे आणि बिघडलेले अशी फाळणी तो करतो. ती विद्यार्थ्याला दिसली पाहिजे, तरच तो तिच्याशी भांडू शकेल.

मुळाक्षर :
भांडण वर्गात होऊ दे. अनुवादकाने शब्दातच बाजू घेऊ नये.